जिल्ह्याचा हवामान अंदाज आपल्या गावासाठी कसा वाचावा

जुलै महिन्यात विदर्भातील कोणत्याही खेड्यात सकाळी मोबाइल उघडला की हवामानाच्या अंदाजात साधारण एकाच धाटणीचे वाक्य वाचायला मिळते: ‘जिल्ह्यात काही ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाचा पाऊस, तर तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस पडण्याची दाट शक्यता.’ संध्याकाळपर्यंत गावात थेंबही पडला नाही, तर अंदाज खोटा निघाला असे पारावर ठरून जाते. आणि त्याच दुपारी चार कोसांवरच्या गावात नाल्याला पूर येऊन गेला होता, हे दुसऱ्या दिवशी कळते. अंदाजावरचा विश्वास असाच थोडा थोडा झिजत जातो, आणि ज्या दिवशी इशारा खरोखर ऐकायला हवा असतो, त्या दिवशी तो कुणी मनावर घेत नाही. वास्तविक त्या वाक्यातील प्रत्येक शब्दाचे माप ठरलेले आहे. ते माप आणि आपल्या गावाचा स्वतःचा स्वभाव, म्हणजे जमीन, चढउतार, नदी-नाले आणि आजवरचा पाऊस, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तरच जिल्ह्याचा अंदाज गावाच्या उपयोगाचा होतो.

आधी शब्दांची मापे पाहू. भारतीय हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज हा एका वावरासाठी नसतो, तो त्या जिल्ह्यातील सगळ्या पर्जन्यमापन केंद्रांना मिळून दिलेला असतो. त्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर ‘तुरळक ठिकाणी’ असे लिहितात. २६ ते ५० टक्के केंद्रांसाठी ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ टक्क्यांसाठी ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याहून अधिक केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘बहुतांश ठिकाणी’ असे शब्द येतात. त्यापुढचा शब्द खात्रीचा असतो. नुसती ‘शक्यता’ म्हणजे साधारण २५ ते ५० टक्के, आणि ‘दाट शक्यता’ म्हणजे ५० ते ७५ टक्के. मराठी पत्रकांत हे शब्द थोडेफार बदलतात, परंतु त्यांच्यामागची उतरंड हीच असते.

आता वरचे वाक्य पुन्हा वाचावे. एखाद्या जिल्ह्यात २० केंद्रे आहेत असे धरले, तर ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ याचा अर्थ त्यांपैकी फार तर पाच केंद्रांवर मुसळधार पाऊस पडेल असा होतो, आणि तेही ५० ते ७५ टक्के खात्रीने. ती पाच केंद्रे कोणती, हे अंदाज सांगत नाही आणि सांगू शकत नाही. म्हणजे ढोबळ हिशेबाने एका ठरावीक गावात त्या दिवशी मुसळधार पाऊस होण्याची शक्यता दहात एक ते दोन एवढीच राहते. असा अंदाज दहा वेळा आला आणि आपल्या गावात आठ वेळा मुसळधार पाऊस झालाच नाही, तरी दहाही अंदाज बरोबर असू शकतात. हा हिशेब गावातील प्रत्येक शिकल्या-सवरल्या माणसाने एकदा कागदावर मांडून पाहावा असे मला मनापासून वाटते, कारण अंदाजाविषयीचे बहुतेक गैरसमज याच ठिकाणी जन्माला येतात.

पावसाच्या जोराचीही मापे ठरलेली आहेत. २४ तासांत २.५ मिमी किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो दिवस ‘पावसाचा दिवस’ म्हणून मोजला जातो. १५.५ मिमीपर्यंत हलका, ६४.४ मिमीपर्यंत मध्यम, ६४.५ ते ११५.५ मिमी मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिमी अति मुसळधार, आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार अशी वर्गवारी आहे. महसूल खात्याच्या पंचनाम्यांत २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पावसाला ‘अतिवृष्टी’ मानतात, तो आकडा या तिसऱ्या पायरीच्या उंबरठ्यावरचा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकराला हिशेब लावला तर एक मिलिमीटरला सुमारे चार हजार लिटर पाणी होते आणि ६५ मिमी पावसात एका एकरावर दोन लाख साठ हजार लिटरांच्या आसपास पाणी उतरते. मात्र हे पाणी रात्रभराच्या झडीत पडले की एका तासाच्या तडाख्यात, यावर सगळे अवलंबून असते. झडीचे पाणी काळ्या जमिनीत मुरते. तडाख्याचे पाणी माती घेऊन धुऱ्यावरून नाल्यात जाते. दिवसाच्या एकूण आकड्यात हा फरक दिसत नाही.

तारखेच्या बाबतीतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हवामान खात्याच्या नोंदीत एखाद्या तारखेचा पाऊस म्हणजे आदल्या दिवशी सकाळी साडेआठपासून त्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत पडलेला पाऊस. रविवारी दुपारी गाव झोडपून निघाले, तर तो पाऊस सोमवारच्या तारखेवर चढतो. नुकसानीचा अर्ज भरताना किंवा पंचनाम्याच्या वेळी तारखेचा घोळ होतो, तो पुष्कळदा यामुळे.

अंदाजासोबत येणाऱ्या इशाऱ्याच्या रंगांविषयी थोडक्यात सांगायचे तर हिरवा म्हणजे कोणताही इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना किती पाऊस पडेल एवढेच पाहिले जात नाही. त्याचा काय परिणाम होईल, हेही पाहिले जाते. त्यामुळे आधीच नद्या भरलेल्या असतील तर तुलनेने कमी पावसालाही नारिंगी इशारा लागू शकतो.

हा अंदाज तयार कसा होतो, हे समजले म्हणजे त्याच्या मर्यादाही समजतात. पहिली पायरी निरीक्षणांची आहे. नागपूरहून पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणासाठी हवेत फुगा सोडला जातो. त्याला बांधलेले छोटे उपकरण वर जाता जाता तापमान, आर्द्रता, हवेचा दाब आणि वारा यांची माहिती रेडिओ लहरींनी खाली पाठवत राहते. जगभर ठरलेल्या याच वेळांना असे शेकडो फुगे वर जातात. त्यात उपग्रहांची चित्रे, विमानांची आणि जहाजांची निरीक्षणे मिळवली जातात आणि साऱ्या वातावरणाची त्या क्षणाची एक स्थिती संगणकात मांडली जाते. मग संगणक भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी ती स्थिती पुढच्या काही मिनिटांत कशी बदलेल हे काढतो, त्यावरून त्यापुढच्या मिनिटांची, आणि असे करत करत दहा दिवसांपर्यंत जातो. सुरुवातीच्या मापनात राहिलेली बारीकशी चूक प्रत्येक टप्प्याला वाढत जाते. म्हणून उद्याचा अंदाज भरवशाचा, तिसऱ्या दिवसाचा बऱ्यापैकी आणि सातव्या दिवसाचा केवळ कल दाखवणारा असतो.

दुसरी मर्यादा चौकोनांची आहे. संगणक संपूर्ण पृथ्वीवर जाळे टाकून त्यातील प्रत्येक चौकोनासाठी एकच उत्तर काढतो. आधी हवामान खात्याच्या मुख्य जागतिक प्रारूपात, म्हणजे हे गणित करणाऱ्या संगणक-प्रणालीत, हा चौकोन सुमारे १२ किमी बाजूचा होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली, तिच्यात तो सुमारे ६ किमीवर आला आहे. ही प्रगती मोठी आहे. पण जून महिन्यात दुपारी तीन वाजता उठणारा गडगडाटी ढग अनेकदा तीन-चार किलोमीटर रुंद असतो आणि तासाभरात बरसून विरून जातो. सहा किलोमीटरच्या चौकोनात तो नेमका कोणत्या शिवारावर उठेल, हे संगणकाला आदल्या दिवशी दिसत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतनिहाय अंदाज ‘मेरी पंचायत’ ॲप आणि ‘ई-ग्रामस्वराज’ पोर्टलवर मिळू लागला आहे. त्यात गावाचे नाव दिसते म्हणून तो अंदाज त्या गावात बसून काढलेला आहे असे समजू नये. तो संगणकाच्या जाळ्यातून त्या गावासाठी उतरवून घेतलेला असतो. माझ्या मते तापमान, वारा, आर्द्रता आणि ढगांच्या बाबतीत तो खुशाल आपला म्हणून वापरावा, आणि पावसाच्या आकड्याच्या बाबतीत तो आपल्या पाच-दहा गावांच्या टापूचा अंदाज आहे असे धरावे.

शेवटच्या दोन-तीन तासांत मात्र रडार कामाला येते. नागपूरचे डॉप्लर रडार ढगातील पाण्याच्या थेंबांवरून परतणाऱ्या लहरींवरून पाऊस कुठे आहे आणि कोणत्या दिशेने सरकत आहे हे दाखवते. त्यावरूनच ‘पुढील तीन तासांत’ असा तातडीचा इशारा निघतो. रडारची नजर सुमारे अडीचशे किलोमीटरपर्यंत पोहोचते. परंतु पृथ्वी गोल असल्यामुळे जितके दूर जावे तितकी रडारची लहर जमिनीपासून उंच जाते. दोनशे किलोमीटरवर ती सुमारे चार किलोमीटर उंचीवर असते, म्हणजे ढगाच्या खालच्या भागात काय चालले आहे ते तिला दिसत नाही. वर्धा, भंडारा या जिल्ह्यांतील गावांना या रडारचा जेवढा उपयोग होतो, तेवढा बुलडाण्याच्या पश्चिम टोकावरच्या गावांना होत नाही, याचे कारण हे आहे.

आता आपल्या भूमीकडे वळू. हवामान खात्याने देशाचे ३६ उपविभाग केले आहेत, त्यांपैकी विदर्भ हा अकरा जिल्ह्यांचा एक. जून ते सप्टेंबर या काळात या उपविभागाचा सरासरी पाऊस ९४० मिमीच्या आसपास आहे. ही सरासरी प्रत्यक्षात फार थोड्या गावांना लागू पडते. पश्चिमेला बुलडाणा-अकोल्याच्या पट्ट्यात वर्षाचा पाऊस साधारण ७०० ते ८०० मिमी असतो, तर पूर्वेला गोंदिया, गडचिरोलीकडे तो १२०० ते १५०० मिमीपर्यंत जातो. उत्तरेला सातपुड्याच्या रांगेत चिखलदऱ्याला ढग अडतात आणि भरपूर पाऊस होतो. तेथून डोंगर उतरून पूर्णेच्या खोऱ्यात आले की पाऊस एकदम कमी होतो.

या फरकाचे मूळ पावसाच्या वाटेत आहे. अरबी समुद्रावरून येणारे वारे आपले बरेचसे पाणी सह्याद्रीवरच टाकून येतात. विदर्भाचा दमदार पाऊस प्रामुख्याने बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे होतो. अशी क्षेत्रे ओडिशाच्या किनाऱ्यावरून आत शिरतात आणि छत्तीसगड, मध्य प्रदेशाच्या दिशेने वायव्येकडे सरकतात. त्यांच्या केंद्राच्या नैर्ऋत्येला सर्वाधिक पाऊस पडतो. म्हणून केंद्र आपल्यावरून न जाता आपल्या ईशान्येकडून, उत्तर छत्तीसगड किंवा पूर्व मध्य प्रदेशातून, जात असेल तेव्हा विदर्भात जास्त पाऊस होतो. पूर्वेकडून येणारे हे पाणी आधी गोंदिया-गडचिरोलीला मिळते आणि पश्चिमेकडे जाता जाता कमी होते. ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होत आहे’ ही बातमी ऐकली, की पुढच्या दोन-चार दिवसांत झड लागू शकते असे समजून निंदण, खत आणि फवारणीचा क्रम ठरवता येतो. याच्या उलट, मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा मध्य भारतावरून उठून हिमालयाच्या पायथ्याशी गेला, की आपल्याकडे पावसात खंड पडतो. अंदाजात हा पट्टा उत्तरेकडे सरकल्याचा उल्लेख आला, तर डवरणी करून जमिनीच्या भेगा बुजवण्याची आणि ओल टिकवण्याची वेळ आली असे समजावे.

पावसाचा तोच आकडा वेगवेगळ्या गावांत वेगळा अर्थ घेऊन येतो. चाळीस मिलिमीटर पाऊस भंडारा-गोंदियातील धानाच्या बांधीत अडून राहतो आणि रोवणीला उपयोगी पडतो. त्या भागात मालगुजारी तलावांची, म्हणजे मामा तलावांची, परंपरा आहे. असे तलाव बांधण्याच्या कामात कोहळी समाजाने मोठे नाव मिळवले. तिथे गावाचा पाऊस मोजताना तलाव किती भरला हेही पाहावे लागते. तोच चाळीस मिलिमीटर पाऊस माळावरच्या बरड जमिनीत पडला तर चार दिवसांत ओल उडते, आणि पूर्णेच्या काठच्या खोल काळ्या जमिनीत पडला तर आठवडाभर वखर चालत नाही. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी खारे असल्यामुळे विहिरीच्या पाण्यावर पीक वाचवण्याचा मार्ग बहुतांशी बंद असतो. तिथल्या गावांसाठी खंडाचा अंदाज हा मुसळधार पावसाच्या इशाऱ्याइतकाच गंभीरपणे घेण्याचा विषय आहे.

नदीकाठच्या गावांनी तर आपल्या गावापेक्षा वरच्या गावांचा अंदाज अधिक बारकाईने वाचायला हवा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून पाणी सोडावे लागले, आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत वैनगंगेकाठची गावे पाण्याखाली गेली. त्या दिवसांत आपल्या आकाशाकडे पाहून पुराचा अंदाज करता येण्यासारखा नव्हता. वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि वर्धा नदी मुलताईजवळ. म्हणून या नद्यांच्या काठच्या पोलीस पाटलांनी आणि ग्रामपंचायतींनी मध्य प्रदेशातील शिवनी, बालाघाट, बैतुल या जिल्ह्यांचे इशारे रोज पाहण्याची सवय ठेवावी.

पेरणीच्या वेळेविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान या एका निर्णयात होते. मान्सून विदर्भात साधारणपणे जूनच्या मध्याच्या आसपास येतो. त्याच्या आधी मे महिन्याच्या शेवटी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पडतो तो वळवाचा पाऊस. तो दुपारनंतर, गडगडाटासह आणि ठिकठिकाणी पडतो. एका शिवारात चाळीस मिलिमीटर आणि नाल्यापलीकडे काहीच नाही, असे त्याचे रूप असते. तापलेल्या जमिनीत या पावसाने वरची चार बोटे ओलावतात, बियाणे उगवते, आणि मग पंधरा दिवस उघाड पडली की रोपे करपतात. दुबार पेरणीचा खर्च बहुतेक वेळा असा होतो. म्हणून कृषी विभाग आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगत असतात की साधारण ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरणी करू नये. हा पाऊस मोजायचा तो आपल्या शिवारातला. जिल्ह्याची सरासरी येथे उपयोगाची नाही. त्याबरोबर हवामान खाते दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देते, तो पाहावा. त्यात पहिल्या दोन आठवड्यांसाठी विदर्भात पाऊस सरासरीपेक्षा कमी दाखवला असेल, तर चांगली ओल झाली तरी हलक्या जमिनीवर घाई करू नये.

एप्रिलमध्ये येणारा हंगामाचा दीर्घकालीन अंदाज या कामाचा नाही. देशभराचा पाऊस सरासरीच्या किती टक्के राहील, हे त्यात लिहिलेले असते; ९६ ते १०४ टक्के म्हणजे सरासरीइतका. ही सरासरी ८७ सेंमी असून ती साऱ्या देशाची आणि चारही महिन्यांची आहे. प्रशांत महासागरातील एल निनो किंवा ला निना, हिंदी महासागराचे तापमान, अशा मोठ्या कारणांवरून तो काढतात. धरणांचे नियोजन करणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. आपल्या वावरात ऑगस्टमध्ये खंड पडेल की नाही, याचे उत्तर त्यात नसते.

नक्षत्रांचा हिशेब आपल्या घराघरांत आजही चालतो आणि त्याविषयी आदराने बोलले पाहिजे. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस राहतो, म्हणून मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनच्या सुमारास लागतो आणि हस्त सप्टेंबरच्या शेवटी. कोणत्या पंधरवड्यात सहसा काय घडते, याची पिढ्यान्‌पिढ्यांची सरासरी या दिनदर्शिकेत साठलेली आहे: नवतपा तापतो, आर्द्रेत पेरण्या आटोपतात, हस्ताचा पाऊस हरभऱ्याला ओल देतो. परंतु सरासरी म्हणजे यंदाचा अंदाज नव्हे. नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की कोल्हा, यावरून यंदाचा पाऊस कळत नाही, आणि अक्षय्य तृतीयेला बुलडाणा जिल्ह्यातील भेंडवळला होणारी, पीक-पावसाचे भाकीत सांगणारी घटमांडणी ही जपण्यासारखी लोकपरंपरा असली तरी बियाण्याची पिशवी फोडण्याचा निर्णय तिच्यावर सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाच्या नादात अंदाजातील वाऱ्याची आणि आर्द्रतेची ओळ वाचायची राहून जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले. त्या दुर्घटनेला औषधांपासून पंपांपर्यंत अनेक कारणे होती. पण डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, दमट आणि कोंदट हवेत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने तोंड करून फवारणे किती जिवावर बेतू शकते, हे त्यातून कळले. वाऱ्याची दिशा आणि वेग अंदाजात दिलेला असतो. वारा जोराचा असेल तर फवारणी पुढे ढकलावी, दुपारचे ऊन टाळावे, आणि वारा पाठीवर घेऊनच पुढे सरकावे. फवारणीनंतर चार-सहा तास पाऊस नको असतो, त्यासाठी तातडीचा तीन तासांचा इशारा आणि दिवसाचा अंदाज दोन्ही पाहावेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान सल्ला पत्रकात पाच दिवसांच्या अंदाजाबरोबर पिकानुसार असे सल्ले दिलेले असतात आणि ‘मेघदूत’ ॲपवर ते मराठीत वाचता येतात.

विजेच्या बाबतीत मात्र दिवसाच्या अंदाजापेक्षा त्या घटकेचा इशारा महत्त्वाचा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आपल्या ठिकाणापासून २० आणि ४० किमीच्या परिघात पडणाऱ्या विजा दाखवते. मोबाइलला रेंज नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काम टाकून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली थांबणे सर्वांत घातक. उन्हाळ्यातील तापमानाविषयी एवढेच ध्यानात ठेवावे की अंदाजातील अंश हे सावलीतील हवेचे असतात. नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांची नोंद झाली तीही सावलीतली; उघड्या वावरात शरीराला त्याहून कितीतरी अधिक ताप सोसावा लागतो. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उत्तरेकडील थंड, कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा मध्य भारतावर एकमेकींना भिडल्या, की गारपीट होते. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातील आंबिया बहाराला आणि काढणीला आलेल्या हरभऱ्याला तिचा फटका बसतो. तिचा इशारा दोन-तीन दिवस आधी मिळतो, मात्र कोणत्या गावावर गारा पडतील हे आधी सांगता येत नाही.

आता गावातील मोजणीकडे येऊ. राज्य सरकारच्या ‘महावेध’ प्रकल्पाचे पहिले स्वयंचलित केंद्र २०१७ मध्ये नागपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सुरू झाले, आणि राज्यातील महसूल मंडळांत अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे बसवली गेली. मंडळाच्या गावी कुंपणात उभा असलेला खांब आणि त्यावरची पेटी सगळ्यांनी पाहिलेली असते, पण पाऊस मोजणारा भाग आत कसा चालतो हे फारसे कुणी पाहत नाही. वर एक रुंद तोंडाचे नरसाळे असते. त्याच्या खाली तराजूसारख्या दोन लहान वाट्या एका आसावर बसवलेल्या असतात. नरसाळ्यातून पाणी एका वाटीत पडते. ठरावीक माप भरले, म्हणजे साधारण ०.२ किंवा ०.५ मिमी पाऊस झाला, की ती वाटी कलंडून रिकामी होते आणि दुसरी तिच्या जागी येते. प्रत्येक कलंडण्याबरोबर एक विद्युत संकेत जातो. दिवसभरात वाटी किती वेळा कलंडली, त्यावरून पावसाचा आकडा निघतो. नरसाळ्याच्या जाळीत कडुनिंबाचा पाला, पाखरांची विष्ठा किंवा कोळ्याचे जाळे अडकले तर पाणी वरच तुंबते आणि मुसळधार पाऊसही रात्रभर ठिबकत राहून रिमझिम म्हणून नोंदला जातो. केंद्राजवळ झाड किंवा इमारत असेल तर तिच्या उंचीच्या दुपटीएवढे तरी अंतर मध्ये असावे लागते, नाही तर वाऱ्याबरोबर येणारा पाऊस अडतो. तापमानाचा संवेदकही बिघडू शकतो. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले, ते संवेदकातील बिघाडामुळे होते असे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले.

केंद्र ठीक चालत असले तरी एका मंडळात अनेक गावे येतात आणि मंडळाचा आकडा त्या सगळ्यांना लागू होतो. म्हणून प्रत्येक गावाने स्वतःचा पाऊस मोजावा. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. सरळ भिंतींचे, सपाट बुडाचे आणि वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचे भांडे शाळेच्या पटांगणात किंवा ग्रामपंचायतीच्या मोकळ्या आवारात, जमिनीपासून फूटभर उंच ओट्यावर घट्ट बसवावे. रोज सकाळी बरोबर साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजून भांडे रिकामे करावे. सरकारी मोजणीचीही हीच वेळ असल्यामुळे आपला आणि मंडळाचा आकडा शेजारी ठेवून पाहता येतो.

वहीत तारीख, आदल्या दिवशीच्या अंदाजाचे नेमके शब्द आणि रंग, गावात मोजलेला पाऊस, मंडळाचा पाऊस, पाऊस कोणत्या वेळी आणि किती वेळ पडला, आणि त्या दिवशी गावात काय झाले, एवढे रकाने पुरेत. काय झाले म्हणजे रपट्यावरून, नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी गेले का, गेले तर किती वाजता आणि किती वेळ. कोणत्या वस्तीत पाणी शिरले. वखर केव्हा चालू झाला. चार-पाच पावसाळ्यांची अशी वही हाती असली, तर नाल्याच्या वरच्या अंगाला किती मिलिमीटर पाऊस झाला की किती तासांनी रपटा बुडतो, हे त्या गावापुरते निश्चित सांगता येते आणि शाळा सोडण्याची वेळ त्यावरून ठरवता येते. अतिवृष्टीनंतर तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले की त्याच वहीतील त्या आठवड्याची पाने सरपंचांच्या सहीने त्यांच्याकडे द्यावीत. ही वही म्हणजे सरकारी आकडा नव्हे. पण मंडळाचे केंद्र बंद होते किंवा त्याच्या आकड्यात आणि गावच्या स्थितीत मोठी तफावत आहे असे गावाचे म्हणणे असेल, तर ते मांडताना त्याच दिवशी, त्याच वेळी केलेली लेखी नोंद जवळ असते.